शरीरात बसवलेल्या यंत्रांचे कमी विजेवर चालणारे रिसीव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुणाचे?

बहुतेक माझ्या विद्यार्थ्यांचे. मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दरवर्षी शेवटच्या वर्षाचे दोन-तीन गट 'सर, मेडिकल इम्प्लांटवर प्रोजेक्ट करायचाय' म्हणत येतात आणि त्याच त्या जागी अडतात. काही प्रश्न पेसमेकर बसवलेल्या माणसांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत. तेही यातच घेतले आहेत, कारण एकाच डबीकडे दोन्ही बाजूंनी पाहिलेलं बरं.

पेसमेकरला रेडिओ हवाच कशाला? त्याचं काम तर हृदयाला ठोका द्यायचं ना?

माझ्या वडिलांना, अण्णांना, पहिला पेसमेकर पुण्यात बसवला. दर सहा महिन्यांनी मी त्यांना हुतात्मा एक्स्प्रेसने तपासणीला न्यायचो. तिथल्या ताई त्यांना शर्टाची वरची दोन बटणं काढायला सांगायच्या आणि खांद्याखाली, कातडीखालच्या डबीचा उंचवटा दिसतो तिथे, तळहाताएवढं एक चपटं यंत्र टेकवायच्या. ते बोटभर सरकलं की स्क्रीनवरची रेघ थांबायची. 'काका, हलू नका,' म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ते चपटं यंत्र म्हणजे वँड. त्यात तारेची एक कॉइल आणि डबीत दुसरी. दोन्ही मिळून एक सैल ट्रान्सफॉर्मर होतो, आणि शे-दोनशे किलोहर्ट्झवर, चार-पाच सेंटीमीटरच्या आत त्यांचं बोलणं चालतं. बॅटरी किती उरली, हृदयाने स्वतः किती ठोके दिले, यंत्राला किती द्यावे लागले, तार शाबूत आहे का, हे सगळं डॉक्टरांना यातूनच कळतं. सेटिंगही याच वाटेने बदलतं.

खरा रेडिओ आला तो दोन कारणांनी. ऑपरेशनच्या टेबलावर निर्जंतुक कापडावर वँड ठेवायची कटकट नको होती. दोन मीटरवरून बोलता आलं पाहिजे होतं. आणि रुग्ण घरी झोपलेला असताना पलंगाशेजारच्या यंत्राने माहिती उचलून पुढे पाठवावी, म्हणजे माणसाला अडीचशे किलोमीटर प्रवास घडू नये. अण्णांसाठी हे दुसरं कारण फार मोठं होतं.

वीज तर ट्रान्समीटर जास्त खातो. मग सगळे रिसीव्हरचीच चिंता का करतात?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. उत्तर वहीत आकडे मांडून स्वतः काढा. मी फळ्यावर दरवर्षी हेच मांडतो.

पेसमेकरच्या बॅटरीत साधारण १ अँपिअर-तास साठा धरा. ठोके देणं, हृदयाचं ऐकणं आणि आतला हिशेब मिळून सरासरी १० मायक्रोअँपिअर लागतात असं समजा. दहा लाख मायक्रोअँपिअर-तासांना दहाने भागा : एक लाख तास, म्हणजे साडेअकरा वर्षांच्या जरा आत. प्रत्यक्षात सगळा साठा वापरता येत नाही, पण हिशेबाला हे पुरे.

आता त्यात रेडिओ घाला. या कामासाठीच बनवलेली चांगली चिप चालू असताना ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेते, बोलताना तेवढेच आणि ऐकतानाही तेवढेच. तो रिसीव्हर सतत चालू ठेवला तर? २०० तास. आठ दिवस आणि आठ तासांत बॅटरी रिकामी.

बोलण्याची वेळ आपल्या हातात असते. रोज दोन सेकंद बोललं तर सरासरी पडते ०.१२ मायक्रोअँपिअर. ती परवडते. पण हाक कधी येणार हे डबीला ठाऊक नसतं. डॉक्टर आज बोलावतील की चार महिन्यांनी? म्हणून तिला कान सतत उघडा ठेवावा लागतो, आणि बहुतेक सगळी वीज जाते ती कुणीच हाक मारत नसताना ऐकत बसण्यात.

विद्यार्थी लगेच सुचवतात, की सर, सेकंदातून एकच मिलिसेकंद ऐकू. ठीक. ५ मिलिअँपिअरचा हजारावा भाग म्हणजे ५ मायक्रोअँपिअर. एकूण खर्च १० वरून १५ वर गेला आणि साडेअकरा वर्षांची साडेसात झाली. चार वर्षं गेली. वर आणखी एक छुपा खर्च असतो. रिसीव्हरला अचूक फ्रिक्वेन्सी देणारा क्रिस्टल सुरू झाला तरी स्थिर व्हायला एक-दोन मिलिसेकंद घेतो. म्हणजे मिलिसेकंदभर ऐकण्यासाठी त्याच्या दुप्पट वेळ नुसती तयारी.

या हिशेबातून एक गोष्ट पाठ करून ठेवा : अशा डबीत १ मायक्रोअँपिअर जास्त गेला की साधारण एक वर्ष कमी झालं. सिम्युलेशनमध्ये बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरला सतत दिलेल्या करंटचा, आकडा २.३ वरून ३.३ मायक्रोअँपिअर करताना हात अडखळला पाहिजे, कारण तो आकडा कुणाच्या तरी छातीवरचा पुढचा छेद वर्षभर अलीकडे आणतो.

मग बॅटरीच मोठी का घालत नाहीत?

जागा नसते. डबी नाण्याहून थोडी मोठी, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, आणि त्यात निम्मी जागा आधीच बॅटरीची.

पण बॅटरीच्या आकारापेक्षा तिच्या स्वभावाचा प्रश्न मोठा आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये अर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले आणि तोवर वीसहून जास्त पेसमेकर त्यांना बदलावे लागले. सुरुवातीच्या बॅटऱ्या दोन वर्षं टिकल्या तरी खूप. १९७२ मध्ये लिथियम-आयोडीनची बॅटरी माणसात पहिल्यांदा वापरली गेली आणि चित्र पालटलं : ती गळत नाही, वायू सोडत नाही, वर्षानुवर्षं शांतपणे चालते. फक्त ती जसजशी संपते तसतसा तिचा आतला रेझिस्टन्स वाढत काही हजार ओहमवर जातो. १० मायक्रोअँपिअरला याने काही बिघडत नाही. पण ५ मिलिअँपिअर मागा : ५ मिलिअँपिअर गुणिले ५ किलोओहम म्हणजे २५ व्होल्टची घट, आणि बॅटरी मुळात २.८ व्होल्टची! रेडिओ सुरूच होणार नाही.

म्हणून रेडिओ असलेल्या डब्यांत वेगळ्या जातीच्या लिथियम बॅटऱ्या आल्या, मँगनीज डायऑक्साइडच्या, कार्बन मोनोफ्लोराइडच्या, किंवा दोन्हींच्या मिश्रणाच्या. काही ठिकाणी कॅपॅसिटर हळूहळू भरून त्यातून रेडिओला झटका देतात. तुमच्या प्रोजेक्टच्या सर्किटमध्ये बॅटरीच्या जागी आदर्श व्होल्टेज सोर्स दिसला की मी तो खोडतो, तो याचसाठी. मालिकेत रेझिस्टर घाला आणि मग चालवून दाखवा.

कुठली फ्रिक्वेन्सी वापरतात?

४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ. अमेरिकेत हा पट्टा १९९९ मध्ये शरीरातल्या यंत्रांसाठी मोकळा झाला. पुढे २००९ मध्ये तो दोन्ही बाजूंनी वाढून ४०१ ते ४०६ झाला. भारतातही ४०२ ते ४०५ मध्ये अशी अगदी कमी शक्तीची वैद्यकीय साधनं परवान्याशिवाय चालतात. मर्यादा २५ मायक्रोवॉटची, म्हणजे उणे १६ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती). एक चॅनेल जास्तीत जास्त ३०० किलोहर्ट्झ रुंद, त्यामुळे तीन मेगाहर्ट्झमध्ये दहा चॅनेल बसतात.

या पट्ट्याचे जुने मालक हवामानवाले आहेत. फुग्याला बांधून आकाशात सोडलेले रेडिओसाँड इथेच बोलतात. म्हणून नियम असा, की बाहेरच्या यंत्राने आधी प्रत्येक चॅनेल ऐकायचा, मोकळा असेल तो निवडायचा आणि मगच बोलायचं. आतली डबी स्वतःहून बोलत नाही. बोलावल्यावर उत्तर देते. अपवाद एकच, रुग्णाच्या जिवाशी गाठ असलेला प्रसंग.

चारशेच का? शरीरामुळे. खाली बघा.

शरीरात शिरल्यावर लहरीचं काय होतं?

हवेत ४०३ मेगाहर्ट्झची लहर ७४ सेंटीमीटर लांब असते. स्नायूत ती साडेनऊ सेंटीमीटरच्या आत येते, कारण स्नायूची सापेक्ष परमिटिव्हिटी, म्हणजे विद्युतक्षेत्र साठवून लहरीला आखूड करायचा गुण, या फ्रिक्वेन्सीला ५७ च्या आसपास आहे. चरबीची जेमतेम साडेपाच. म्हणजे एकाच छातीत कातडी, चरबी, स्नायू असे थर आणि प्रत्येक सीमेवर थोडी लहर मागे परततेच. एखाद्या किरकोळ माणसात आणि चांगल्या भरलेल्या माणसात डबी एकच असली तरी रेडिओला ते दोन वेगळे देश आहेत.

शिवाय स्नायू खारट, वीज वाहणारा. ४०३ मेगाहर्ट्झला दर सेंटीमीटरला साधारण १.६ डेसिबल जातात. २.४५ गिगाहर्ट्झला तेच जवळपास ४ डेसिबल होतात. याउलट फ्रिक्वेन्सी फार खाली नेली तर नुकसान घटतं, पण अँटेना मावत नाही. चारशेवर दोन्ही बाजूंचं दुखणं सोसण्याजोगं राहतं.

अँटेना तरी कुठे ठेवणार? डबी टायटॅनियमची, म्हणजे आत ठेवलेली अँटेना बंद तिजोरीत ठेवल्यासारखी. म्हणून ती डबीच्या डोक्यावर, जिथे हृदयाकडे जाणाऱ्या तारा जोडतात त्या पारदर्शक इपॉक्सीच्या भागात घालतात. काचेच्या किंवा सिरॅमिकच्या बारीक फीडथ्रूमधून, म्हणजे तार न्यायच्या हवाबंद वाटेतून, ती आतल्या चिपला जोडलेली असते. अशी अँटेना आणि भोवतीचं शरीर मिळून उणे ३० डेसिबलच्या आसपास गेन देतात, म्हणजे शक्तीचा हजारावा भागच उरतो. मुलांना हा आकडा पहिल्यांदा छापण्यातली चूक वाटतो. तो बरोबर आहे.

आमची अँटेना टेबलावर छान चालते, पण शरीरात चालेल का हे कसं पाहायचं?

साखर आणि मीठ. खरंच.

पाण्यात साखर घातली की परमिटिव्हिटी खाली येते, मीठ घातलं की कंडक्टिव्हिटी वर जाते. दोन्ही जुळवून ४०३ मेगाहर्ट्झला स्नायूसारखं द्रावण करता येतं, त्याला फँटम म्हणतात. साखर बरीच लागते, वजनाने पाण्याच्या बरोबरीला पोहोचेल एवढी. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहतो, तेव्हा या एका कच्च्या मालाची आपल्याला चिंता नाही. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच एवढे क्षार असतात की मिठाचा हिशेब चुकतो. साखर विरघळायला पाणी कोमट करा, पण उकळू नका, नाहीतर पाणी उडून प्रमाण बदलतं. द्रावण थंड झाल्यावरच मोजा.

पहिल्या वर्षी आम्ही हे सगळं नीट केलं आणि बादली एप्रिलमध्ये लॅबच्या कोपऱ्यात उघडी ठेवली. तीन दिवसांत तिला आंबूस वास सुटला, वर फेस धरला आणि मुंग्यांची रांग दारापासून बादलीपर्यंत. आंबलेल्या द्रावणाचे आकडे काहीच्या काही येतात. तेव्हापासून लागेल तेवढंच करतो, झाकून फ्रिजमध्ये ठेवतो आणि दर वेळी वापरण्याआधी पुन्हा मोजतो.

त्या बादलीने एक गोष्ट मात्र शिकवली. मुलांनी हवेत अगदी ४०३ वर जुळवलेली अँटेना पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून द्रावणात बुडवली, तर नेटवर्क अॅनलायझरच्या (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरचा खड्डा डावीकडे सरकत सरकत दिसेनासा झाला. भोवतीच्या उच्च परमिटिव्हिटीने तिची जुळणारी फ्रिक्वेन्सी कितीतरी खाली ओढली होती. अँटेना हवेत बेसूर वाटेल अशीच जुळवायची, म्हणजे शरीरात ती सुरात येते. शिवाय चिपमध्ये कॅपॅसिटरची एक छोटी बँक ठेवायची, म्हणजे शरीरागणिक होणारा फरक डबी स्वतः जुळवून घेईल.

फ्रिजमध्ये जागा नसेल तर झटपट अंदाजासाठी मटणाचा ताजा तुकडाही चालतो. तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

लिंक बजेट, म्हणजे सिग्नलच्या शक्तीचा जमाखर्च, एकदा सोपं करून सांगाल?

बाहेरचं यंत्र उणे १६ डीबीएम सोडतं. दोन मीटर हवेत ३१ डेसिबल गेले. आतली अँटेना आणि शरीर यांचे ३०. माणूस कुशीवर वळतो, मधे हात येतो, खोलीच्या भिंतींवरून लहरी परततात, त्यासाठी १५ बाजूला काढा. डबीपाशी उरले उणे ९२ डीबीएम, म्हणजे अर्ध्या पिकोवॉटच्या थोडं वर.

आता उलट बाजूने या. शरीर ३७ अंशांवर आहे. ३०० किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये त्या उष्णतेचा स्वतःचा गोंगाट उणे ११९ डीबीएम. रिसीव्हर स्वतः १० डेसिबलची भर घालतो. बिट भरवशाने वाचायला गोंगाटाच्या वर १४ डेसिबल हवेत. बेरीज उणे ९५.

हातात राहिले ३ डेसिबल. एवढ्यात तुम्ही एलएनएचा (अँटेनामागच्या पहिल्या अॅम्प्लिफायरचा) करंट निम्मा करून नॉइज फिगर, म्हणजे रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाची भर, तीनाने वाढवलीत, तर काहीच राहिलं नाही. इथे फुकट काही मिळत नाही.

वेक-अप रिसीव्हर म्हणजे नेमकं काय? तो इतक्या कमी विजेवर कसा चालतो?

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत, पाळण्यांचे भोंगे आणि हजारो माणसांचा कलकलाट चालू असताना, आईच्या कडेवर झोपलेलं पोर तिच्या एका हाकेसरशी मान वर करतं. बाकीच्या आवाजांना ते जागं होत नाही. वेक-अप रिसीव्हरने नेमकं हेच करायचं असतं : स्वतः मोठं काही न समजता, आपली हाक तेवढी ओळखायची आणि मग मुख्य रिसीव्हरला उठवायचं.

कमी वीज लागते कारण यात वीज खाणारे भागच काढून टाकलेले असतात. मिक्सर नाही, स्थिर ऑसिलेटर नाही, क्रिस्टलचा सिंथेसायझर नाही. अँटेनाच्या मागे उच्च क्यू असलेलं, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीला अगदी नेमकं जुळणारं, मॅचिंग नेटवर्क येतं, जे वीज न घेता व्होल्टेज वाढवून देतं. मागे सबथ्रेशोल्डमध्ये (ट्रान्झिस्टर पूर्ण सुरू होण्याआधीच्या अगदी कमी करंटवर) चालणारा, लहरीची फक्त उंची ओळखणारा एन्व्हलप डिटेक्टर, त्यामागे कंपॅरेटर, आणि शेवटी ठरलेला कोड जुळतो का ते पाहणारा डिजिटल कोरिलेटर. हाक असते ती वाहक लहर चालू-बंद करून, म्हणजे ओओके.

दुखणं एन्व्हलप डिटेक्टरचं आहे. तो लहान सिग्नलला वर्गाच्या नियमाने वागतो. आत येणारं व्होल्टेज निम्मं झालं की बाहेरचं चौथाई होतं. १० डेसिबलने कमजोर हाक आतून २० डेसिबलने कमजोर होऊन बाहेर पडते. त्यामुळे ठरावीक मर्यादेखाली तो एकदम बहिरा होतो. म्हणूनच मॅचिंग नेटवर्कमधल्या फुकटच्या व्होल्टेज गेनला इतकं महत्त्व आहे : डिटेक्टरच्या आधीचा प्रत्येक डेसिबल बाहेर दोन होऊन मिळतो. चांगला इंडक्टर निवडण्यात एक आठवडा गेला तर तो वाया गेला असं समजू नका.

दुसरी युक्ती फ्रिक्वेन्सीची. ४०३ वर बाहेरच्याला २५ मायक्रोवॉटच मिळतात. पण २.४५ गिगाहर्ट्झवर १०० मिलिवॉट सोडता येतात, चार हजार पट, म्हणजे ३६ डेसिबल जास्त. तीन सेंटीमीटर स्नायूत तिथे सातेक डेसिबल जास्त जातात, हवेत पंधरा-सोळा. तरी १३-१४ डेसिबल पदरात पडतात. म्हणून इम्प्लांटच्या काही चिपांमध्ये हाक २.४५ गिगाहर्ट्झवर मारतात आणि गप्पा ४०३ वर होतात. अशी एक चिप मधूनमधून क्षणभर कान उघडून सरासरी २५० नॅनोअँपिअरमध्ये हे काम करते. वरच्या हिशेबात घाला : साडेअकरा वर्षांतले साधारण शंभर दिवस. ५ मायक्रोअँपिअरने चार वर्षं नेली होती.

खोटी हाक ही या सगळ्यातली खरी परीक्षा आहे. आमच्या एका गटाने ब्रेडबोर्डवर २.४ गिगाहर्ट्झचा वेक-अप जोडला, नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर लावला आणि होस्टेलच्या खोलीत ठेवला. हिशेबाने दोन महिने चालायचा होता, तिसऱ्या दिवशी बंद. कोड फक्त चार बिटांचा होता. होस्टेलच्या वायफायचे पॅकेट दिवसभर योगायोगाने तो जुळवत होते आणि दर वेळी मुख्य रिसीव्हर उठून ५ मिलिअँपिअर जाळत होता. सोळा बिटांचा नीट निवडलेला कोड घातला आणि सलग दोन वेळा जुळल्याशिवाय उठायचं नाही असं केलं, तेव्हा खोट्या हाका जवळपास थांबल्या. तेव्हापासून मी नुसत्या झोपेच्या करंटवर गुण देत नाही. खोट्या हाकांचा खर्च धरून सरासरी करंट विचारतो.

मुख्य रिसीव्हरची रचना कोणती घ्यावी?

नवख्यांना मी लो-आयएफ सुचवतो, म्हणजे आलेला सिग्नल शून्याच्या जरा वरच्या फ्रिक्वेन्सीवर उतरवणारी रचना. झिरो-आयएफमध्ये, म्हणजे सिग्नल थेट शून्यावर उतरवला तर, आकडे सुटसुटीत दिसतात, पण मॉसफेटचा फ्लिकर नॉइज (कमी फ्रिक्वेन्सीला वाढणारा गोंगाट) नेमका शून्याजवळ असतो आणि अरुंद चॅनेलमध्ये तो चांगलाच खुपतो. लो-आयएफमध्ये इमेज, म्हणजे आपल्या सिग्नलच्याच जागी उतरणारी नको असलेली फ्रिक्वेन्सी, शेजारच्या चॅनेलवर पडते. तिथेही २५ मायक्रोवॉटवालेच राहतात, त्यामुळे इमेज रिजेक्शन फार कडक लागत नाही.

सुपररिजनरेटिव्ह रिसीव्हरही या क्षेत्रात परत आला आहे. एडविन आर्मस्ट्राँगने तो १९२२ मध्ये मांडला. ऑसिलेटरला आंदोलनाच्या उंबरठ्यावर आणून सोडायचं. सिग्नल असेल तर आंदोलन लवकर वाढतं, नसेल तर उशिरा. एका ट्रान्झिस्टरमधून प्रचंड गेन मिळतो. निवडकपणा कमी पडतो, म्हणून शेजारी गजबज असेल तिथे जपून.

ट्रान्झिस्टर शक्यतो वीक इन्व्हर्जनमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या सबथ्रेशोल्डमध्ये, चालवा. दर अँपिअरला मिळणारा जीएम (व्होल्टेज बदललं की करंट किती बदलतो त्याचं माप) तिथे सगळ्यात जास्त असतो. ३७ अंशांवर आणि १.४ चा स्लोप फॅक्टर धरून साधारण २७ प्रतिव्होल्ट. वेग कमी होतो, पण ६५ किंवा १३० नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरला ४०० मेगाहर्ट्झ त्या अवस्थेतही झेपतात. एकाच करंटवर दोन टप्पे एकावर एक रचले, तर तोच करंट दोनदा कामाला येतो.

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३-४४ वर जातो. त्याचा परिणाम?

आतल्या डबीवर जवळजवळ नाहीच. सात रस्त्यावर भर दुपारी उभं राहिलात तरी छातीत ३७ अंशच. आपल्या धंद्यात एवढं स्थिर तापमान दुसरीकडे कुठे मिळत नाही. अमेरिकेच्या नियमात इम्प्लांटने २५ ते ४५ अंशांत फ्रिक्वेन्सी दहा लाखांत शंभर भागांच्या आत धरावी असं आहे, म्हणजे ४०३ मेगाहर्ट्झला ४० किलोहर्ट्झ. साध्या क्रिस्टललाही हे जमतं.

बाहेरच्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याला तीच अचूकता ० ते ५५ अंशांत दाखवावी लागते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेखाली ते विसरलात तर तोही आकडा पार होईल.

उलट दिशेनेही बघा : डबीने भोवतीचं शरीर तापवायचं नाही. पृष्ठभाग शरीरापेक्षा २ अंशांहून जास्त गरम होऊ नये असं मानक सांगतं.

सरळ ब्लूटूथ का नाही?

वापरतात. फोनशी बोलणारे पेसमेकर आता लो एनर्जी ब्लूटूथवर चालतात, आणि रुग्णाला वेगळं यंत्र बाळगावं लागत नाही ही मोठी सोय आहे. पण शरीरात २.४ गिगाहर्ट्झ जास्त शोषलं जातं, शिवाय पट्टा गर्दीचा. तिथे सहसा डबीच ठरावीक अंतराने छोटी आरोळी देते आणि लगेच क्षणभर ऐकते, म्हणजे सतत कान उघडा ठेवायचा प्रश्नच टाळलेला असतो. खोल बसवायच्या यंत्रांना मी अजूनही चारशेच सुचवेन.

कुणी बाहेरून आपल्या यंत्रात घुसू शकतं का?

ही भीती निराधार नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सॉफ्टवेअर रेडिओ वापरून एका डिफिब्रिलेटरशी (हृदयाची लय बिघडली की झटका देणाऱ्या, शरीरात बसवायच्या यंत्राशी) परवानगीशिवाय बोलता येतं हे प्रयोगशाळेत दाखवलं. २०१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या सॉफ्टवेअर दुरुस्तीची सूचना काढली. प्रत्यक्ष रुग्णाला अशा हल्ल्याने इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती.

आपण रिसीव्हर करणाऱ्यांनी आणखी एक हल्ला लक्षात ठेवायचा. आत शिरायची गरजच नाही, नुसत्या खोट्या हाका मारत राहिलं तरी बॅटरी संपते. म्हणून वेक-अपनंतर ओळख पटवण्याचं काम कमीत कमी विजेत उरकावं, आणि तासाभरात ठरावीक संख्येपेक्षा जास्त खोट्या हाका आल्या तर डबीने काही वेळ कान बंद करावा. मात्र इमर्जन्सीत अनोळखी डॉक्टरलाही आत येता आलं पाहिजे. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा यावर माझं समाधान करणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. जवळ टेकवायचा वँड अशा वेळी राखीव किल्ली म्हणून ठेवणं मला पटतं.

वडिलांना पेसमेकर आहे. अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यांनी जावं का?

हा प्रश्न मला तिघा-चौघांनी तरी विचारलाय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका, हे पहिलं. सर्वसाधारण माहिती अशी, की चांगल्या स्थितीतल्या, अर्थिंग नीट असलेल्या मोटारी हातभर अंतरावरून सहसा त्रास देत नाहीत. चालू मोटारीवर छाती टेकवून वाकू नये. आर्क वेल्डिंगपासून दूर राहावं. मोबाइल खिशात डबीवर ठेवू नये, १५ सेंटीमीटर अंतर ठेवावं आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. चक्कर आली तर लगेच यंत्रापासून लांब व्हावं.

सोलापुरात बसून या विषयावर खरं काम होतं का?

होतं. स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीचा १३० नॅनोमीटरचा डिझाइन किट २०२० पासून खुला आहे. एक्सस्कीम, एनजीस्पाइस आणि मॅजिक ही चिप आखायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. संस्थांना केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमातून, बेंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत, महागडी सॉफ्टवेअर वापरता येतात. आपल्या कॉलेजचं नाव त्यात आहे का ते विभागप्रमुखांना विचारा, नसेल तर अर्ज करायला लावा.

प्रयोग करताना सिग्नल हवेत सोडू नका. सिग्नल जनरेटर, केबल, मधे ८०-९० डेसिबलचे अॅटेन्युएटर, आणि रिसीव्हर पत्र्याच्या बंद डब्यात. पत्र्याचा डबा खरंच बंद हवा. झाकणाच्या फटीतून आलेला सिग्नल अॅटेन्युएटरला वळसा घालतो आणि तुमचा रिसीव्हर आहे त्यापेक्षा हुशार वाटू लागतो. करंट मोजायला साधा मल्टिमीटर नको. नॅनोअँपिअरची झोप आणि मिलिअँपिअरचा झटका दोन्ही पकडणारं साधन लागतं. ते नसेल तर मोठा कॅपॅसिटर भरून ठेवा आणि त्याचं व्होल्टेज किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून मोजा. कॅपॅसिटरची स्वतःची गळती आधी मोजायला विसरू नका.

प्राण्यांवर किंवा माणसावर चाचणी?

विद्यार्थी प्रकल्पात नाही. पेसमेकरसारखं यंत्र २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत सगळ्यात जोखमीच्या 'ड' वर्गात येतं. तुमची हद्द साखरेच्या बादलीपर्यंत.

बॅटरी संपली की फक्त बॅटरीच का बदलत नाहीत?

डबी लेझरने वितळवून बंद केलेली असते, ओलावा आत जाऊ नये म्हणून. उघडली तर पुन्हा तशी बंद होत नाही. त्यामुळे अख्खी डबी बदलतात. हृदयापर्यंत गेलेली तार चांगली असेल तर तीच ठेवून नव्या डबीला जोडतात. भूल देऊन जुन्या छेदावरच पुन्हा छेद घेतात.

अण्णांची डबी आठव्या वर्षी बदलली. नवीन डबीला वँड लागत नाही. पलंगाच्या डाव्या बाजूला टेबलावर एक पांढरं यंत्र आहे. ते रात्री तिला हाक मारतं, माहिती उचलतं आणि पुढे पाठवतं. मी एकदा रात्रभर जागून त्याचा हिरवा दिवा कधी लुकलुकतो ते पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटांनी लुकलुकला, आणि अण्णा तेव्हा भिंतीकडे तोंड करून घोरत होते.